चपलेचा अंगठा

एकदा एका म्हाताऱ्या हाडवैद्याच्या दारी एक कासार कण्हत आला. बांगड्यांचं ओझं पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारा माणूस. कंबर धरली होती, कळ उजव्या पायात उतरत होती. शहरातले डॉक्टर ऑपरेशनचं बोलले, म्हणून घाबरून इकडे आला होता. वैद्य रोज तेल लावून कंबर दाबत, कासार रोज ओरडे आणि वैद्यांचा शिष्य त्याला धरून बसे.

पंधराव्या दिवशी कासार हसत आला. "बाबा, जिंकलात! कळ पार गेली. सुरी चुकवलीत माझी."

शिष्याने आनंदाने तेलाची वाटी पुढे केली. वैद्यांनी ती बाजूला सारली. उंबऱ्याशी जाऊन कासाराची उजवी चप्पल उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"मामा, जरा टाचांवर चालून दाखवा."

कासार चालला. डावा पंजा वर राहिला. उजवा फटकन जमिनीवर पडला.

"आता मी तुमच्या पाठीला हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

शिष्याला राहवेना. "बाबा, ओरडत होते तेव्हा दाबलंत, आणि बरे झाले तर हाकलता? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या डोक्यावर ओत ते तेल!" वैद्य खेकसले. मग आवाज उतरला. "अरे, कळ होती तोवर नस बोलत होती. आता गप्प झालीय. ही चप्पल बघ, अंगठ्यापाशी भोक पडायला आलंय. पाय फरफटतोय त्यांचा. नुसती कंबर धरली तर माझा हात पुरतो. पायातलं बळ जायला लागलं की सर्जनच हवा. मला चार दिवस आधी दिसायला हवं होतं. मी तोंडाकडे बघत बसलो."

कासाराचे डोळे भरले. "पायच गेला तर बाबा? माझं सगळं पायावर आहे."

"बसून राहिलात तर जाईलच. गेलात तर वाचेलही. भीती वाटते ना? मी येतो. आत नेईपर्यंत हात धरतो. तेवढं या हाताला अजून जमतं."

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी कासार पुन्हा आला, पाठीवर ओझं न घेता, सावकाश. शिष्य त्याच्या तोंडाकडे न बघता आधी उंबऱ्याकडे धावला. चप्पल नवी होती. अंगठा थोडा घासलेला, पण थोडाच. त्याने ती जोडी नीट शेजारी शेजारी ठेवली आणि मगच म्हणाला, "या मामा."

दुखायचं थांबलं की आधी चालून बघा, हसा मागाहून.