ठकूचा घाव

पुनवेचा चंद्र पुरता वर आला, की त्याच्या खालच्या अंगाला एक पांढरा ठिपका दिसतो. तुमच्या दुर्बिणीतून बघा, त्यातून चहूकडं पांढऱ्या रेघा उधळलेल्या दिसतील. बाकीचे खड्डे मळून गेलेत, हा एकटाच उजळ. आम्ही घणसरीचे पाथरवट त्याला ठकूचा घाव म्हणतो.

ठकू रावजी पाथरवटाची बायको. जेठी पुनवेला, दिवस मावळताना, रावजी खाणीत खाली काम करत होता. खाण पाटलांची, आणि त्यांना घाई. वरची दरड त्यांनी पहारीनं ढिली करायला लावली, ती रावजीवर आली. पाटील म्हणाले, दरड जुनीच पडलेली, हा दारू पिऊन तिच्यावरून घसरला. रावजीनं दारूला कधी हात लावला नव्हता, असं सांगतात.

ठकू पंचांकडं गेली. "तूट बघा, दरड जिथनं तुटली ती जागा. ताजा तुटलेला दगड उजळ असतो, जुना काळा. एवढंच बघा."

पाटील हसले. "ठके, दगड फोडायचा सोडून वाचायला लागलीस होय?"

"तुम्हाला येतं ना वाचता? मग चला."

पंच पाटलांचं मीठ खाणारे. म्हणाले, पुढच्या पुनवेला बघू. आषाढ गेला, श्रावण गेला, भादवा गेला. पाऊस दगडावर पडत राहिला. आश्विनी पुनवेच्या सांजेला पंच एकदाचे आले, तोवर तूट काळी पडलेली. "जुनीच आहे," म्हणाले, आणि निघाले.

समोर चंद्र वर येत होता. ठकू त्याला म्हणाली, "तू तर वरून बघितलंस. चार महिने गप्प बसलास. तूही त्यांच्यातलाच." आणि रावजीचा घण तिनं सगळ्या जिवानिशी भिरकावला. म्हणे चंद्राची कपची उडाली, आतला पांढरा दगड उघडा पडला आणि चुरा पार दुसऱ्या कडेपर्यंत उडाला. तिथं ना पाऊस ना वारा. मळणार कसा?

"ही बघा ताजी तूट," ठकू म्हणाली.

पंचांच्या माना खाली गेल्या. पाटील तेवढे म्हणाले, "फार लांब आहे. इथून काय कळतंय."

त्या दिवसापासून पाटलांच्या कामाला कुणी पाथरवट गेला नाही.

आजही खाणीत माणूस गेला, की पंच ताटावरून उठतात आणि आधी तूट बघतात. एखादा म्हणालाच, पुढच्या पुनवेला बघू, तर बाया त्याच्याशी वाद घालत नाहीत. मेलेल्याचा घण आणून त्याच्या उंबऱ्यावर ठेवतात आणि तो उठेपर्यंत तिथंच बसतात.