न खाणारा मासा

"...मग आजच अनुज्ञा का देत नाही, महाराज?"

पद्मनाभ मठाच्या कुंडाच्या पायरीवर उभा होता. हातात कणकेच्या गोळ्यांचे ताट होते. कुंडातील माशांना खाऊ घालण्याचा मान त्या मठात सर्वांत जुन्या शिष्याचा असे, आणि तो तेथे सर्वांत जुना होता.

खालच्या पायरीवर केवलस्वामी पाण्यात पाय सोडून बसले होते.

दारात आंबेवंगणचे भिवाजी पाटील बैलगाडी जुंपून उभे होते. त्यांच्या धाकट्या सुनेने बोलणे सोडले होते; जेवणही जवळजवळ टाकले होते. तिला बरे करण्यासाठी पाटलांना पद्मनाभच हवा होता. वैद्यकात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होते. मात्र गुरूच्या अनुज्ञेवाचून मठाबाहेर कोणावर उपचार करायचे नाहीत, असा मठाचा नियम होता.

"शास्त्रीबुवा, आवरा की! बैलं ताटकळली."

"आलोच, पाटील."

"तेथे जाऊन काय करशील?" स्वामींनी विचारले.

"तिला बोलती करीन. आत दडलेले बाहेर काढले, की अन्न आपोआप जाते."

"किती दिवसांत?"

"दिवस कशाला? पहिल्याच बैठकीत."

स्वामी पाण्याकडे पाहत राहिले...

पद्मनाभाने मूठभर गोळ्या टाकल्या. मासे झुंडीने वर आले. एकच आला नाही. मरळीच्या कुळातला, जेमतेम वीतभर लांबीचा. त्या भागात त्याला डोकऱ्या म्हणत. तो दगडाच्या कपारीशी स्थिर होता. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेले. एक गोळी त्याच्या अगदी समोरून खाली गेली. तो हलला नाही.

"पाहिलेत?" पद्मनाभ म्हणाला. "दर गुरुवारी लोक प्रसादाची बुंदी पाण्यात टाकतात. कितीदा सांगितले, ऐकत नाहीत. याच्या घशात ती अडकली आहे."

"थांब."

"थांबलो, तर उपाशी मरेल, महाराज."

त्याने खांद्यावरचे उपरणे पाण्यात सोडले आणि मासा अलगद वर घेतला. ओल्या कापडात त्याला धरून दर्भाच्या काडीने त्याचा जबडा उघडला. हात सराईत होता. रक्ताचा थेंबही आला नाही.

तोंडातून पिवळे, गोल कण पाण्यात पडले. मोतीचुराच्या कळ्यांसारखे. ते बुडाले नाहीत, पृष्ठभागावर पसरले. इतर मासे त्यांच्यावर तुटून पडले. थोडा वेळ पाणी खळबळले, मग निवळले.

पद्मनाभाने डोकऱ्याला पाण्यात सोडले. तो कपारीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मग वर येऊन त्याने एक गोळी गिळली. पाठोपाठ दुसरी.

"वा!" पाटलांनी दारातूनच हात जोडले. "हात लावला अन् गुण आला! चला बुवा, आता माझ्या घरी चला."

"खाऊ लागला, महाराज," पद्मनाभ म्हणाला.

"खाऊ लागला." स्वामींनी मान हलवली. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"बुंदी पाण्यात किती टिकते?"

"घटकाभरही नाही. लगेच विर..."

तो थांबला.

पाटील एकदा शिष्याकडे, एकदा स्वामींकडे पाहू लागले.

"मग ते काय होते?" पद्मनाभाने विचारले. त्याचा आवाज खाली गेला होता.

"अंडी. मादी ती घालते आणि नर तोंडात घेतो. पिले पोहू लागेपर्यंत तो खात नाही."

पद्मनाभ धोतरासकट पाण्यात उतरला. त्याने ओंजळ भरून पाणी उचलले, पाहिले, सोडले. पुन्हा उचलले. पाण्यात पिवळे काहीही उरले नव्हते.

"आपण मला अडवले का नाही?"

"'थांब' म्हणालो होतो."

"माझा हात धरायचा होता, महाराज..."

"उठेपर्यंत तुझे काम आटोपले होते. तू फार चपळ आहेस."

पाटलांना राहवले नाही. "मासाच तो, महाराज. पुन्हा घालील की अंडी."

"घालील," स्वामी म्हणाले. "ती दुसरी."

डोकऱ्या पद्मनाभाच्या पायांजवळून फिरत राहिला आणि मिळेल ते खात राहिला.

पद्मनाभ वर आला. ओले उपरणे त्याने पिळले नाही.

"पाटील, आपण जा. मी उपचार करण्यास अपात्र आहे. यापुढे कोणत्याही रोग्याला मी हात लावणार नाही."

"असं कसं? अन् माझ्या सुनेनं काय करावं?" पाटलांचा आवाज चढला, मग एकदम पडला. "तिच्या आईला शब्द देऊन आलोय मी... बरं. सोडू का बैलं?"

"जुंपलेलेच राहू द्या," स्वामी म्हणाले आणि पद्मनाभाकडे वळले.

"हेही निदान घाईचेच आहे."