दुसरी रेघ

"एवढा जोर लावून पण ही वाकडीच का तुटते, आक्का?"

शेवंतानं पोर्सेलीनच्या टाइलचे दोन तुकडे पुढं धरले. कड अशी, जणू उंदरानं भाकरी कुरतडलेली.

कृष्णाक्का उंबऱ्यात बसून सुपारी कातरत होती. चाकानं रेघ ओढून दांड्यानं टाइल तोडायचा हा कटर तिचाच. नवऱ्यामागं तिनं आपल्या घराला एकटीनं फरशी बसवली, आणि हसणाऱ्यांना त्याच फरशीवर बसवून जेवू घातलं. तेव्हापासून अडलेली माणसं तिच्याकडं येत. आधी बोलणी खात, मग सल्ला.

"चाक किती वेळा फिरवलंस?"

"चार-पाच वेळा. रेघ पक्की व्हायला नको?"

"अ आ इ गिरवतेयस का?"

शेवंतानं तुकडे आक्कासमोर ठेवले. या मागच्या खोलीत ओटा बांधून, त्याला टाइल लावून ती आपली चूल वेगळी मांडणार होती. सासू आणि धाकटी जाऊ मालन यांच्यासोबत एका चुलीवर रांधून ती विटली होती. सासूला मात्र वाटत होतं, अडगळीची खोली नीट होतेय.

"घरात सांगितलंस?"

"कसं सांगू? तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल. माझं पोर तापानं फणफणलेलं असताना मालन माहेरी निघून गेली, ते... आत्याबाईंनी तिचीच बाजू घेतली, ते..."

"पाठ आहे की तुला."

"रोज मनात म्हणते मी."

"दिसतंय." आक्कानं तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "नवी टाइल कटरला लाव. चाक टेकव. अलीकडून पलीकडं, न थांबता. एकदाच."

चाक चरचरत गेलं. मागं केसाएवढी रेघ.

शेवंताचा हात पुन्हा मागं वळला. आक्कानं त्यावर फटका मारला.

"अहो, पण काही उमटलंच नाही."

"टाइलला कळलंय. दांडा दाब. हलका."

टक्.

दोन तुकडे. कडा सुतासारख्या सरळ. शेवंता बघतच राहिली.

"यातला बारका टाकून देऊ?"

"का? त्या कोपऱ्यात कोण बसणार, तू?"

तेवढ्यात सासू दारात आली. "चहा टाकलाय गं. येताय ना दोघी?"

शेवंता उठली.

"आत्याबाई, या खोलीत मी माझी चूल वेगळी मांडतेय."

सासूनं दाराची चौकट धरली.

"... काय चुकलं आमचं?"

सगळं जिभेवर येऊन थांबलं. ताप, माहेर, मालन. शेवंतानं ओठ मिटले. मिटलेलेच ठेवले.

सासूनं पुढं होऊन ओट्याची उंची हातानं मापली.

"उंच झालाय," ती म्हणाली. "माझा हात पोचायचा नाही. पाट ठेव एक."

आणि चहा बघायला गेली.

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, कारण विचारत होत्या त्या. सांगायला हवं होतं का मी?"

आक्कानं ताजा तुटलेला तुकडा आणि घासायचा दगड तिच्या हातात दिला.

"कड घास. म्हातारीच्या हाताला लागेल."