मोगऱ्याची झोप

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक बाग होती. बाग अशी, की रस्त्यानं जाणारी बैलगाडीसुद्धा तिच्यापाशी हळू व्हायची. लालचुटूक जास्वंदी, पिवळीधमक शेवंती, मऊमऊ हिरवळ, कडेनं मेंदीचं कुंपण आणि मधोमध एक म्हातारा, घेरदार मोगरा. बागेच्या मालकीण होत्या आक्कासाहेब. त्या राहायच्या मोठ्या बंगल्यात. आणि बागेचे माळी धोंडीबा राहायचे फाटकाजवळच्या इवल्याशा खोलीत, आपल्या इवल्याशा लेकीबरोबर. तिचं नाव गोदी.

गोदीला आई नव्हती. फ्रॉकला तीन रंगांची ठिगळं होती. पण बाबा होते, बाग होती, त्यामुळे आपण गरीब आहोत हे तिच्या फारसं लक्षात येत नसे. ते लक्षात आलं कार्तिकात. बागेतल्या आंब्यावर बांडगूळ माजलं होतं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्याच्या फांदीवर बसून त्याचाच रस पिणारं झुडूप, मोठं आगाऊ! ते काढायला धोंडीबा शिडीवर चढले, शिडी सरकली आणि त्यांचा पाय मोडला. वैद्यांनी पाय बांधला, लेप लावले. हाड जुळलं, पण पाय काही जमिनीवर ठरेना. उभं राहिलं की लटपटायचा. धोंडीबा खाटेवर पडून राहिले आणि खिडकीतून दिसेल तेवढी बाग बघत राहिले.

मग बागेचं कोण बघणार? गोदी! बाबा खाटेवरून सांगायचे आणि ती पिटुकली पोर दोन्ही हातांनी कात्री धरून करायची.

“गोदे, पाऊस संपला, आता गुलाब छाटायचा. डोळा दिसतो ना फांदीवर, कोंब फुटायची गाठ, त्याच्या जरा वर काप. आणि कापल्या जागी शेण लाव, म्हणजे कीड शिरत नाही.”

गोदी काप द्यायची, शेण लावायची आणि वर फुंकर घालायची. “दुखलं का रे?” असंही विचारायची. गुलाब काही बोलायचा नाही, पण थोड्याच दिवसांत त्याला तांबूस, तुकतुकीत पालवी फुटली. मग तिनं मेंदीचं कुंपण सारखं केलं, हिरवळीतला लव्हाळा गड्ड्यासकट उपटला, वाळलेला पाला खड्ड्यात भरून त्याचं खत करायला ठेवलं. तिच्या तळहातांना फोड आले. ते तिनं बाबांना दाखवले नाहीत.

एक दिवस आक्कासाहेब खोलीच्या दारात आल्या. नाकावर चष्मा, हातात काठी, आवाज करारी.

“धोंडीबा, पोरीच्या अंगावर एवढी बाग किती दिवस टाकायची? जीव केवढा तिचा! नवा माळी आणावा म्हणते.”

“आक्कासाहेब, थोडे दिवस थांबा. पाय बरा होईल,” धोंडीबा म्हणाले.

“नव्या माळ्याला खोली लागेल. मला काय तुम्हाला बाहेर काढायला बरं वाटतं?” आक्कासाहेबांनी चष्मा पुसला. “असं करू. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत बघते. दरवर्षी माझ्याकडे आलेल्या बायका आपल्या मोगऱ्याचे गजरे माळून घरी जातात. यंदाही गेल्या, तर बाग नीट चाललीय असं समजेन. खोली तुमचीच. नाही तर मात्र माझा नाइलाज आहे.”

झालं! गोदीचा सगळा जीव त्या मोगऱ्यात अडकला.

मार्गशीर्ष संपत आला तसं बाबांनी सांगितलं, “आता मोगऱ्याचं पाणी तोड. त्याला ताण द्यायचा.”

“म्हणजे काय, बाबा?”

“म्हणजे तहानेला ठेवायचं. थंडीत त्याला झोपू द्यायचं. पानं पिवळी पडतील, गळतील. घाबरायचं नाही. पुरती झोप झाली की छाटायचं, खत घालायचं आणि मग पाणी. बघ कसा फुलतो!”

गोदीनं मान हलवली आणि पाणी तोडलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली. एक गळलं, दुसरं गळलं. शेजारी गुलाब पाणी पीत होता, हिरवळ पाणी पीत होती आणि मोगरा बिचारा सगळ्यांकडे बघत कोरडा उभा! घरात बाबा आजारी आणि इथे हा तहानलेला. गोदीला काही ते बघवेना.

मग तिनं काय केलं असेल? संध्याकाळी गुपचूप एक तांब्या पाणी मोगऱ्याच्या आळ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशीही ओतलं. थंडी वाढली तेव्हा तर तिनं आपल्या अंघोळीतलं थोडं कोमट पाणी बाजूला काढलं आणि ते गार होण्याआधी त्याला नेऊन पाजलं. मोगऱ्यानं पुन्हा हिरवीगार पानं धरली. गोदी खूश! पौष गेला, माघ गेला. मोगरा पानांनी मस्त झाला. पण कळी? औषधालासुद्धा कळी नव्हती.

फाल्गुनातली एक संध्याकाळ होती. आभाळ केशरी झालं होतं. गोदी तांब्या घेऊन आली आणि तिनं आळ्यात पाणी ओतलं मात्र, “आँऽऽक् छीं!” असा चिमुकला आवाज आला.

पानं बाजूला झाली आणि बुंध्याजवळून एक इवलीशी परी बाहेर आली. अंगठ्याएवढी! मोगऱ्याच्या पाकळ्यांचा शुभ्र झगा, चांदीच्या तारेसारखे लुकलुकणारे पंख, केसांत दवाचे थेंब. पण झगा चिंब भिजलेला, डोळे झोपेनं मिटमिटलेले आणि नाकाचा शेंडा गुलाबी.

“कोण गं तू? रोज संध्याकाळी मला अंघोळ का घालतेस?” परीनं जांभई देत विचारलं. “आणि तीही कोमट पाण्यानं!”

गोदीच्या हातातून तांब्याच पडला. “मी... मी गोदी. मोगऱ्याला तहान लागली होती म्हणून.”

“अगं वेडाबाई, त्याला झोप लागली होती!” परी आळ्याच्या कडेवर बसून झगा पिळू लागली. “मी या मोगऱ्याची परी. थंडीत आम्ही दोघं झोपतो आणि झोपेतच मी कळ्या विणते. एकेक पाकळी दुमडून, आत सुगंधाचा थेंब ठेवून. पण कळी अर्ध्यावर येते न येते तोच तुझं पाणी येतं, मी दचकून उठते आणि सगळी वीण उसवते. अति तिथे माती, हे ऐकलं नाहीस का कधी?”

गोदीचे डोळे भरून आले. बाबांनी सांगितलं होतं. नीट समजावून सांगितलं होतं. तरी तिनं आपल्याच मनाचं ऐकलं होतं. ती मटकन खाली बसली आणि हुंदके देत तिनं सगळं सांगितलं: बाबांचा पाय, आक्कासाहेबांचा शब्द, फाटकाजवळची खोली, आपल्या अंघोळीतलं पाणी.

परीचा राग कुठल्या कुठे पळाला. ती भुरकन उडाली आणि गोदीच्या गुडघ्यावर बसली. “रडू नको गं सोनुले. चुकलीस, पण मायेनं चुकलीस. थंडीत आपल्या अंघोळीतलं ऊन पाणी कोण कुणाला देतं? माझ्याकडे एक इच्छा आहे, ती तुझी. पण तिला नियम आहेत हं. एक, मागायचं ते बागेतलंच मागायचं. सोनं-नाणं, वाडे-घोडे माझ्याकडे नाहीत. आणि दुसरा, जे मागशील ते बागेतल्याच झाडांच्या अंगातून काढून द्यावं लागतं. परीच्या झोळीत वेगळं काही नसतं.”

गोदीनं पटकन डोळे पुसले. “मग हा मोगरा हळदीकुंकवाच्या दिवशी फुलू दे. खूप खूप फुलू दे!”

“फुलवीन की. पांढराशुभ्र होईल, पान दिसणार नाही.” परीनं मोगऱ्याकडे बघितलं. “पण झोप झालेली नाही, तेव्हा अंगातली सगळी ताकद एकदम काढावी लागेल. तेवढं फुलून झालं की तो वाळेल. मग पुन्हा कधी फुलणार नाही. सांग, फुलवू?”

गोदीच्या डोळ्यांपुढे बंद फाटक आलं. फाटकाबाहेर खाट, खाटेवर बाबा आणि डोक्यावर बोचकं घेऊन उभी असलेली ती. कुठे जायचं? तिला काहीच ठाऊक नव्हतं. “हो” हा शब्द अगदी ओठांवर आला. मग तिनं मोगऱ्याच्या बुंध्यावर हात ठेवला. बुंधा खडबडीत होता, बाबांच्या हातासारखा.

“नको,” ती हळूच म्हणाली. “त्याला झोपू दे. मी आता पाणी घालणार नाही.”

“आणि खोली?”

“ते मी बघते,” गोदी म्हणाली. काय बघणार होती ते तिचं तिलाच माहीत नव्हतं!

“मग ही इच्छा तुझ्यासाठी ठेवून देते,” परी म्हणाली. तिनं एक मोठ्ठी जांभई दिली आणि ती मातीत दिसेनाशी झाली.

घरी येऊन गोदीनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं आणि बोटांवर हिशेब केला. “आता ताण दिला तर फाल्गुन सरता सरता छाटणी. मग खत-पाणी. फुलं येतील, पण चैत्राच्या शेवटी. आक्कासाहेबांची गौर तर चैत्राच्या तृतीयेला बसते आणि त्याच दिवशी त्यांचं हळदीकुंकू. आळीत पहिलं! तो त्यांचा मान आहे बाळ.”

त्या रात्री गोदीला झोप आली नाही. सकाळी उठल्याबरोबर ती बंगल्याच्या पायऱ्या चढली. आक्कासाहेब जप करत बसल्या होत्या.

“आक्कासाहेब, तृतीयेला मोगरा फुलणार नाही. माझी चूक झाली. बाबांनी पाणी तोडायला सांगितलं होतं, पण मला दया आली आणि मी चोरून पाणी घातलं.”

जपमाळ थांबली. “आणि हे तू मला आपण होऊन सांगायला आलीस?”

“हो. आणि एक विचारायला. गौर महिनाभर माहेरी असते ना? अक्षय्यतृतीयेपर्यंत असते. मग हळदीकुंकू पहिल्या दिवशी करण्याऐवजी शेवटी केलं तर चालेल का?”

“अगं, पण आळीत माझं हळदीकुंकू पहिलं असतं!” आक्कासाहेबांनी काठी आपटली. “इतकी वर्षं पहिलं!”

“माहेरी आलेल्या लेकीला कुणी लवकर उठवतं का?” गोदी म्हणाली. “मोगराही झोपलाय, आक्कासाहेब. त्याला झोपू द्या.”

आक्कासाहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या ठिगळांकडे, फोड आलेल्या तळहातांकडे. त्यांच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, पण त्यांना आपली दूर दिलेली लेक आठवली असावी. ती माहेरी आली की दुपारी जेवून गाढ झोपायची आणि आक्कासाहेब घरात कुणाला भांडं वाजवू द्यायच्या नाहीत.

“बरं,” त्या म्हणाल्या. “अक्षय्यतृतीयेला करू. पण तेव्हाही फूल नसेल तर मी काही ऐकायची नाही हं.”

आता खरी परीक्षा होती. मोगरा पुन्हा पिवळा पडला. पानं गळाली. उन्हं तापू लागली. रोज संध्याकाळी गोदीचे हात तांब्याकडे जायचे आणि रोज ती ते पाठीमागे बांधायची. हिरवळीला पाणी घालताना ती मोगऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही, कारण बघितलं की रडू यायचं. घालणं सोपं असतं हो, न घालणं फार अवघड. फाल्गुन सरता सरता बाबा म्हणाले, “आता!” तिनं मोगरा छाटला, पाल्याचं काळंभोर खत घातलं आणि पोटभर पाणी दिलं.

चैत्रात पोपटी पालवी आली. पालवीच्या पाठोपाठ एक हिरवा ठिपका आला. मग दुसरा, दहावा, शंभरावा! आणि अक्षय्यतृतीयेच्या दिवशी मोगरा असा फुलला, असा फुलला, की बागेत जणू चांदण्यांची शाळाच भरली. परड्या भरल्या, ताटं भरली. बायका डाळ खाऊन, पन्हं पिऊन, हातभर लांब गजरे माळून घरी गेल्या. “उशीर झाला, पण असं हळदीकुंकू पाहिलं नाही बाई!” असं म्हणत गेल्या. आक्कासाहेबांनी गोदीच्या बुचक्याएवढ्या वेणीत स्वतःच्या हातानं गजरा माळला.

“खोली तुमची,” त्या म्हणाल्या. “धोंडीबांचा पाय बरा होवो न होवो. मी आहे तोवर तुमचीच.”

गोदी धावत मोगऱ्याकडे गेली. उन्हं कलली होती. सगळ्यांत वरच्या फुलात परी बसली होती. टवटवीत, ताजी, लखलखीत.

“वा! झोप कशी छान झाली!” ती हसली. “गोदे, तुझी इच्छा अजून शिल्लक आहे. माग.”

“बागेतलंच मागायचं ना?”

“बागेतलंच.”

“मग माझ्या बाबांचा पाय बरा कर.”

परीनं भुवया उंचावल्या. “अगं, बाबा कुठे बागेतले?”

“मग कुठले?” गोदी म्हणाली. “हा मोगरा कुणी वाढवला? हिरवळ कुणी लावली? बाबा बागेतले नाहीत, तर बागेतलं आहे तरी कोण?”

परी हसली आणि झाडांकडे वळली. तिनं झाडांना विचारलं, “देता का रे?” पहिल्यांदा आंबा सळसळला. धोंडीबा आपल्यावरून पडले, हे बिचाऱ्याच्या मनाला फार दिवस लागून होतं. त्यानं एक पान दिलं. गुलाबानं एक पाकळी दिली, मेंदीनं एक टोक, हिरवळीनं एक पातं. सगळ्यांनी थोडं थोडं दिलं, त्यामुळे कुणालाच कमी पडलं नाही. परीनं ते सारं ओंजळीत घेऊन फुंकर घातली. हिरवा, गुलाबी, सोनेरी, पांढरा असा झगझगीत उजेड उसळला, खोलीच्या खिडकीतून आत शिरला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. मागे राहिला फक्त सुगंध.

खोलीचं दार उघडलं. दारात धोंडीबा उभे होते. दोन्ही पायांवर, काही न धरता.

“बाबा!” गोदी सरळ हिरवळीवरून धावत सुटली.

“गोदे, हिरवळीवरून पळू नको गं! गवत मरतं!” धोंडीबा ओरडले.

आणि मग ते स्वतःच हिरवळीवरून पळत आले.