पाळण्यावर डकवलेली किंमत

फार मागे, किती मागे ते मला विचारू नका, एका राज्यात एक सुतार होता. हात सोन्याचा, पण काळीज सशाचं.

त्याचं काम खपत नव्हतं. सासऱ्याने निरोप धाडला, "या जत्रेत काही विकलंत तर ठीक. नाही तर रंधा ठेवा आणि आमच्या तेलघाण्यावर बैल हाकायला या." त्या भीतीने सुतार वर्षभर एका सागवानी पाळण्यावर खपला. लाखेचे सात हात दिले. तळव्याने घासून घासून अशी चकाकी आणली, की डोक्याकडच्या फळीत तोंड दिसावं.

जत्रेत राजाचा नियम होता. घासाघीस करताना लोक डोकी फोडायचे, म्हणून प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली हवी. सुताराने चिठ्ठीवर चाळीस नाणी लिहिली आणि डिंकाची वाटी काढली.

शेजारी पोळपाट विकणारा म्हातारा बसला होता. तो म्हणाला, "डिंक नको रे बाबा, लाख उपटून येईल. दोऱ्याने बांध दांड्याला."

"आणि कुणी सोडून दुसरी बांधली तर? दोरा बांधायला पाळणा काय म्हैस आहे, आजोबा?"

"म्हशीला दावं लागतं. पाळण्याला दोरा पुरतो. अक्कल मात्र दोन्हीकडे लागते."

सुताराने ऐकलं नाही. फळीच्या मधोमध चिठ्ठी डकवली.

थोड्या वेळाने एक बाई आली. तिने पाळण्यावरून हात फिरवला, चिठ्ठी वाचली आणि एक शब्द न बोलता लगबगीने निघून गेली.

सुतार म्हाताऱ्याकडे वळला. "चाळीस जास्त झाले का हो, आजोबा?"

"मला काय विचारतोस? पाळणा करताना विचारलं होतंस?"

सुताराने ओल्या फडक्याने चिठ्ठी काढली. लाखेवर पांढरा डाग पडला. तो झाकायला मोठा कागद घेतला, त्यावर तीस लिहिले. तेवढ्यात एक व्यापारी हसत पुढे गेला. कशाला हसला देव जाणे, पण सुताराला वाटलं, इतकं स्वस्त पाहून लाकूड किडकं समजला. त्याने नखाने कागद खरवडला. लाखेचा पापुद्राच निघाला. त्यावर आणखी मोठा कागद, पंचेचाळीस. मग कुणी फिरकेना, म्हणून पंचवीस. माणूस घाबरला की त्याचे हात गप्प बसत नाहीत, आणि तिथेच वाटोळं होतं.

दुपारी ती बाई परत आली. सोबत दिवस भरत आलेली लेक होती, कमरेवर हात ठेवून पाऊल पाऊल चालणारी.

"दादा, सकाळचा पाळणा कुठं गेला?"

"हाच तो, मावशी."

"हा? याला तर देवी आल्यात." तिने कागदाचा कोपरा उचलून पाहिला आणि खाली सोडला. "ही गाडीतळावर बसली होती. हिला दाखवायला आणते म्हणून गेले. चाळीस पदराला बांधूनच आलेय मी."

सुताराने घाईने हात जोडले. "पंचवीसच द्या. नाही तर आठ दिवस थांबा, परत लाख चढवून देतो."

लेक म्हणाली, "मी थांबेन हो. पोटातलं थांबेल का?"

मायलेकींनी पलीकडच्या रांगेतला एक साधा पाळणा घेतला. ना चकाकी, ना नक्षी. किंमत चाळीसच. बाईने दोरा सोडला, चिठ्ठी टाकून दिली आणि पाळणा गाडीत चढवला.

पोळपाटवाला म्हातारा आपले पोळपाट पुसत बसला. टोमणा मारला असता तर सुताराला बरं वाटलं असतं.

आता सुतार सासऱ्याच्या घाण्यावर बैलामागे गोल गोल फिरतो. त्या पाळण्यात पेंड भरून ठेवतात. तेल मुरून मुरून डाग मात्र दिसेनासे झालेत.

म्हणून लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, ध्यानात ठेवा: आपल्या कामाची किंमत एकदाच ठरवावी, भीतीपोटी जो ती घडोघडी बदलतो, तो आपलंच काम आपल्या नखाने सोलतो.