चिमणबागेत मोठ्यांची गाडी

चूक हैबतशेठची. मागाहून लोकांनी जमान्याला दोष दिला, पण जमाना काही सोनवडला राहत नव्हता. हैबतशेठ राहत होते.

लाकडाच्या वखारीत कमावलेल्या पैशातून त्यांनी गावाबाहेर मुलांसाठी चिमणबाग उभारली. बागेत एक छोटी आगगाडी होती आणि तिचा कायदा एकच: शिट्टी मुलाच्या हातात. गाडी कधी सोडायची, कुणाला कुठे बसवायचं, सगळं मूल ठरवणार. मोठ्यांनी मुकाट्यानं प्रवासी व्हायचं. शेठची सहा वर्षांची नात मुक्ता तर फौजदारालाही दरडावायची, "काका, पाय आत! नाहीतर उतरवीन." फौजदार हसत पाय आत घ्यायचा.

शेठच्या बरोबरीच्या मंडळींना मात्र हे बोचू लागलं. वय वाढलं म्हणजे मान आपोआप वाढला, असं धरून चालणारी ही माणसं.

"शेठ, पोरासोरांच्या तालावर किती दिवस नाचायचं?" निवृत्त हेडमास्तर म्हणाले. "माझे गुडघे हनुवटीला लागतात. आमच्यासाठी काहीतरी करा की. पोरं काय, कुठेही खेळतात."

शेठना ते पटलं. डबे रुंद झाले. शिट्टी जाऊन भोंगा आला. गाडी अशी भन्नाट पळू लागली की पिकल्या केसांची माणसं आनंदानं किंचाळू लागली. लहानगं कुणी बाहेर फेकलं जाईल, म्हणून फाटकाशी उंचीची काठी रोवली. तिच्याएवढा नसेल, त्यानं बाहेर थांबायचं.

मुक्ता धावत आली. काठीला पाठ लावून उभी राहिली. टाचाही उचलल्या. तरी चांगली वीतभर कमीच.

"आजोबा, मी कुठे बसू?"

शेठनी डब्याच्या पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला. 'गाडी सावकाश चालवा,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तेवढ्यात डब्यातून हेडमास्तर ओरडले, "चला हो शेठ! तिचे लाड घरी करा." चारचौघांत नातीपुढे नमायची शेठना लाज वाटली.

"पुढच्या वर्षी हं, बाळा," ते म्हणाले आणि स्वतः गाडीत चढले.

असं पुढचं वर्ष चार वेळा आलं. मुलं कुंपणाशी उभी राहायची, तीही यायची बंद झाली. मग मोठेही कंटाळले, आणि सगळ्यांत आधी हेडमास्तर. रिकाम्या बागेत शेठनी गाडी पुन्हा सावकाश केली आणि मुक्ताला बोलवायला स्वतः घरी गेले.

"मला नाही आता त्यात गंमत वाटत, आजोबा. तुम्ही जाऊन या ना," ती म्हणाली आणि मैत्रिणींकडे निघून गेली.

ती रुसली नव्हती. रुसली असती तर समजूत काढता आली असती. ती मोठी झाली होती.

तात्पर्य: मोठ्यांनी मुलांच्या खेळात खुशाल यावं, पण मुलं बसवतील तिथे बसावं; मोठ्यांची हौस थांबू शकते, मुलांचं वय थांबत नाही. हैबतशेठनी नातीचं लहानपण गमावलं.