कमाविसदाराचे सोंग

गेनू बहुरूपी गावोगाव सोंगे काढून पोट भरायचा. एके दिवशी करवसुली करणारे नवे कमाविसदार अंताजीपंत यांनी त्याला भर दरबारात उभे केले.

"महाराज, हा कमावतो, पण कर भरत नाही," पंत म्हणाले. "प्रत्येक सोंगाची मिळकत सांगायला लावा, नाहीतर याची सोंगांची पेटी जप्त करा."

पेटी गेली तर उपासमारच होती. गेनू हात जोडून सांगू लागला, "सरकार, शंकराच्या सोंगाला पसाभर ज्वारी मिळाली. राजाच्या सोंगाला जुने धोतर मिळाले. परवा मात्र पेठेत कमाविसदार होऊन फिरलो. तोंडातून शब्द काढला नाही, तरी लोकांनी तूप, कोंबड्या आणि चांदीचे कडे आणून दिले."

"ऐकलंत महाराज?" पंत उसळून म्हणाले. "त्या वेशात मिळालेल्या प्रत्येक वस्तूवर कर बसलाच पाहिजे."

"माझी ना नाही," गेनू म्हणाला. "मी तो वेश एक दुपार घातला, तेवढ्याचा कर देतो. पंत तो रोज घालतात. त्यांचाही हिशेब आजच होऊन जाऊ द्या."

सारा दरबार खदखदून हसला. महाराजांनाही हसू आवरेना.

"गेनू, तुला कर माफ," ते म्हणाले. "पंत, तुम्ही मात्र थांबा. कारकुनाला बोलावतो."